‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ : कोरी पाटी आणि नाकारलेले उमेदवार

१

अमेरिकन चित्रकथेवर गंभीरपणे लिहावे असे तिच्यात आहे तरी काय, असा प्रश्न आपल्याकडचा अभिरुचिसंपन्न समीक्षक विचारील. तो विचारो. ज्या समीक्षेने तमाशाला आणि जलशाला दीर्घकाळ साहित्याच्या उंबरठ्याबाहेर उभे केले, तिच्याकडे चित्रकथेसाठी परवानगी मागण्याचे मला कारण दिसत नाही. मला उत्तर द्यायचे आहे ते दुसऱ्या प्रश्नाला, कारण तो आपल्याच माणसांचा आहे. ते म्हणतात, सुपरहीरो म्हणजे बलाढ्याची पूजा. तो उडतो, त्याला गोळी लागत नाही, तो गोरा असतो आणि दुबळ्यांनी काही न करता तो त्यांना तारतो. अवताराची कल्पना नाकारून बाहेर पडलेल्या माणसाने अशा कथांवर चार दशके जीव का लावावा?

प्रश्न रास्त आहे. एकट्या सुपरमॅनबद्दल तो विचारला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हते. पण मी ज्या चित्रकथेवर प्रेम केले ती एका नायकाची नाही. ती एका मंडळाची आहे. त्या मंडळाला घटना आहे, निवडणुका आहेत, सभासदत्वाचे नियम आहेत आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या उमेदवारांची रांग आहे. माझे लक्ष पहिल्यापासून त्या रांगेकडे राहिले.

‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ पहिल्यांदा छापली गेली ती एप्रिल १९५८ च्या ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’च्या २४७ व्या अंकात. लेखक ओटो बाइंडर, चित्रकार अल प्लास्टिनो, प्रकाशक डीसी. तिसाव्या शतकातली तीन मुले काळातून मागे येतात आणि कुमारवयातल्या सुपरमॅनला, म्हणजे सुपरबॉयला, आपल्या मंडळात येण्याचे निमंत्रण देतात. ती मुले म्हणजे कॉस्मिक बॉय, सॅटर्न गर्ल आणि पुढे लायटनिंग लॅड या नावाने ओळखला गेलेला लायटनिंग बॉय. ते सुपरबॉयची परीक्षा घेतात, तो नापास झाला असे सांगून त्याची फजिती करतात आणि मग ही सगळी गंमत होती असे म्हणून त्याला दाखल करून घेतात. एका कथेपुरती काढलेली ही कल्पना वाचकांनी उचलून धरली आणि पुढच्या काही वर्षांत सभासदांची संख्या वीसच्या वर गेली.

या पहिल्याच कथेत लीजनचे सारे बीज आहे : भविष्य, मंडळ, परीक्षा आणि नकार. सुपरबॉयच्या बाबतीत नकार ही थट्टा होती. पुढे इतर अनेकांना जो मिळाला तो थट्टेचा नव्हता.

लीजन माझ्या हाती आली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईत, फोर्टच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांतून आणि रद्दीच्या दुकानांतून. अंक क्रमाने कधीच मिळत नसत. एका अंकात लायटनिंग लॅडचा एक हात धातूचा असे, दुसऱ्यात दोन्ही हात शाबूत असत. आधीचा अंक कोणता आणि नंतरचा कोणता, हे आपले आपण जुळवायचे. ज्याला एखाद्या गोष्टीचा आरंभ कधी कोणी सांगितला नाही, तो तुकड्यांतून इतिहास जुळवायला आपोआप शिकतो. पुढे प्रकाशकानेच जेव्हा ही कथा पुन्हा पुन्हा पुसून नव्याने लिहायला घेतली, तेव्हा ही सवय मला उपयोगी पडली.

२

लीजनच्या जगात सामर्थ्य कोठून येते? बहुतेकांचे जन्माने येते. ब्राल ग्रहावरच्या प्रत्येकाला चुंबकशक्ती असते, म्हणून ती कॉस्मिक बॉयला आहे. शनीच्या टायटन या उपग्रहावर सारेच परमनातले वाचतात, म्हणून सॅटर्न गर्ल वाचते. ग्रह सांगितला की माणसाचे गुण कळले! आपल्या वाचकाला ही व्यवस्था ओळखीची वाटल्याशिवाय राहणार नाही. जन्मस्थानावरून माणसाचे काम ठरवणारे जग अमेरिकन लेखकांनी अगदी निरागसपणे रचले आणि त्याला उज्ज्वल भविष्य म्हटले.

पण त्याच जगात अपवादही आहेत आणि कथेचा खरा जीव त्या अपवादांत आहे. बिस्मॉल नावाच्या ग्रहावरचे अन्न मुळातच विषारी. म्हणून तेथली माणसे मिळेल ते खाऊन पचवायला शिकली. त्या ग्रहावरचा मॅटर-ईटर लॅड लोखंड खातो, दगड खातो, समोर येईल ते खातो. अमेरिकेत हे पात्र विनोदाचा विषय झाले. मला त्याचे कधी हसू आले नाही. भुकेने माणसाला काय काय खायला लावले याच्या आठवणी ज्या घरांत सांगितल्या जातात, त्या घरातल्या वाचकाला भुकेतून आलेले सामर्थ्य ही कल्पना हास्यास्पद वाटत नाही. ती त्याला वास्तववादी वाटते.

दुसरा अपवाद कराटे किडचा. तो जुलै १९६६ च्या ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’च्या ३४६ व्या अंकात आला. त्याच्याजवळ जन्मजात शक्ती नाही. जे आहे ते सरावाने कमावलेले आहे. नुसत्या हातांच्या बळावर तो ग्रहताऱ्यांच्या शक्ती घेऊन आलेल्यांच्या रांगेत उभा राहतो आणि प्रवेश मिळवतो. हा अंक लिहिणारा जिम शूटर पिट्सबर्गच्या पोलाद कामगाराचा मुलगा. जन्म १९५१. घरात पैशाची निकड होती, म्हणून तेराव्या वर्षी त्याने लीजनची कथा लिहून संपादकाकडे पाठवली आणि संपादकाने ती विकत घेतली. जन्माने मिळालेल्या सामर्थ्याच्या या दरबारात कमावलेले सामर्थ्य घेऊन येणारा नायक एका कामगाराच्या मुलाच्या लेखणीतून यावा, हा मला योगायोग वाटत नाही. अनुभव वेगळा असला की नायक वेगळा होतो, हे आपण मराठी साहित्यात सांगत आलो. त्याचा हा अमेरिकन पुरावा आहे.

आता नियम पाहा. लीजनमध्ये येणाऱ्याजवळ स्वतःची शक्ती हवी, ती यंत्रातून उसनी घेतलेली नको आणि दुसऱ्या सभासदाच्या शक्तीची ती नक्कल नको. या नियमाचे दुसरे नाव गुणवत्ता. प्रवेशपरीक्षेचे प्रसंग या मालिकेत वारंवार येतात आणि ते बहुधा विनोदी असतात. कोणी तरी विचित्र शक्तीचा मुलगा येतो, परीक्षक हसतात, तो खाली मान घालून निघून जातो. वाचकानेही हसावे अशी अपेक्षा असते.

मार्च १९६३ मध्ये मात्र एक वेगळी कथा आली. ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’, अंक ३०६. लेखक एडमंड हॅमिल्टन, चित्रकार जॉन फोर्ट. पोलर बॉय नावाच्या मुलाला, त्याच्या गारठ्याच्या शक्तीवर त्याचा पुरेसा ताबा नाही म्हणून, नामंजूर केले जाते. नाइट गर्लची ताकद फक्त अंधारात टिकते, सूर्यप्रकाशात जाते, म्हणून तीही नामंजूर. स्टोन बॉय, फायर लॅड, क्लोरोफिल किड हेही तसेच. हे पाच नाकारलेले एकत्र येतात आणि ‘लीजन ऑफ सब्स्टिट्यूट हीरोज’ स्थापन करतात. लीजनला पत्ता न लागू देता ते पृथ्वीचे रक्षण करू लागतात.

लीजनवर माझा जीव जडला तो या कथेमुळे. नकार मिळाल्यावर हे पाच जण घरी गेले नाहीत. त्यांनी स्वतःची संघटना काढली. मात्र या कथेतली खोटही मला दिसते. ज्यांनी नाकारले त्यांच्या नियमाला हे पाच जण प्रश्न विचारत नाहीत. रात्रीच्या जगात जन्मलेल्या मुलीची परीक्षा दिवसाउजेडी का घेतली, असे कोणीच विचारत नाही. त्यांना हवा आहे तो लीजनचा दाखला, आणि तो मिळेपर्यंत ते बदली कामगारासारखे मागच्या दाराने काम करत राहतात. हॅमिल्टन यांनी त्यांना शौर्य दिले. जाणीव दिली नाही.

त्याच वर्षीची आणखी एक कथा सांगितली पाहिजे. १९६३ च्या जानेवारीच्या अंकात लायटनिंग लॅड मरतो. त्याला जिवंत करायचे तर दुसऱ्या कोणी तरी प्राण द्यावा लागणार. सभासद आपापसांत तयार होतात, पण सप्टेंबरच्या अंकात प्रत्यक्ष प्राण देतो तो प्रोटी. प्रोटी हा कॅमेलियन बॉयचा पाळीव जीव. ‘पाळीव’ म्हटले तरी तो विचार करतो, मनाने बोलतो, दुसऱ्याचे रूप घेतो. तो सॅटर्न गर्लचे रूप घेऊन तिच्या जागी मरतो. पुढे कॅमेलियन बॉयला तसाच दुसरा जीव मिळतो आणि त्याचे नाव ठेवले जाते प्रोटी दुसरा. मरणाऱ्याला स्वतःचे नावसुद्धा उरले नाही. लायटनिंग लॅडचे पुनरुज्जीवन हा लीजनच्या इतिहासातला सोहळा ठरला. प्रोटी मात्र कायम तळटीपच राहिला.

३

हजार वर्षांनंतरच्या या जगात हिरव्या कातडीचा ब्रेनियाक ५ होता, नारिंगी कातडीचा कॅमेलियन बॉय होता, निळ्या कातडीची शॅडो लास होती. काळ्या कातडीचा माणूस १९५८ पासून १९७६ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, एकही सभासद नव्हता. हा काळ अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याचा काळ आहे. १९६३ ला वॉशिंग्टनचा मोर्चा झाला, १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा झाला. रस्त्यावर लढून जे मिळाले, ते कल्पनेच्या तिसाव्या शतकात मात्र मिळाले नाही.

हे नकळत घडले असे कोणी म्हणू नये. कराटे किडच्याच अंकात शूटर यांनी फेरो लॅड हे पात्र आणले होते. तो आपले शरीर लोखंडाचे करू शके आणि त्याचा चेहरा मुखवट्याखाली झाकलेला असे. त्या मुखवट्याखाली कृष्णवर्णीय चेहरा असावा अशी आपली इच्छा होती, पण दक्षिणेतल्या राज्यांत अंक विकला जाणार नाही असे सांगून संपादक मॉर्ट वाइसिंगर यांनी ती नाकारली, हे शूटर यांनी पुढे अनेकदा सांगितले. फेब्रुवारी १९६७ च्या अंकात फेरो लॅड सूर्यभक्षकाच्या गाभ्यात बॉम्ब घेऊन शिरतो आणि मरतो. लीजनचा सर्वांत गाजलेला हुतात्मा तो हाच. त्याचा जो चेहरा लेखकाच्या मनात होता तो वाचकाला कधीच दाखवला गेला नाही.

त्या काळी दुसरे काही शक्यच नव्हते, हा बचावही टिकत नाही. ज्या जुलै १९६६ च्या अंकात फेरो लॅड आला, त्याच जुलै १९६६ च्या ‘फँटॅस्टिक फोर’च्या अंकात मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशकाने ब्लॅक पँथर हा कृष्णवर्णीय नायक आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली, आणि तिच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत काय उभे राहिले हे या नियतकालिकाच्या वाचकाला मी सांगायला नको. म्हणजे दार उघडता येत होते. ते उघडले गेले नाही.

१९७० च्या दशकात चित्रकार माइक ग्रेल यांनी १९७५ च्या एका अंकात एक पोलीस अधिकारी कृष्णवर्णीय म्हणून काढला. संपादकांनी तो बदलायला लावला, असे ग्रेल यांनी पुढे सांगितले आहे. अखेर एप्रिल १९७६ मध्ये ‘सुपरबॉय’च्या २१६ व्या अंकात कॅरी बेट्स यांच्या कथेत टायरॉक आला. लीजनचा हा पहिला कृष्णवर्णीय नायक. तो कोठून आला? मार्झल नावाच्या बेटावरून. या बेटावरची कृष्णवर्णीय माणसे फार पूर्वी उरलेल्या जगापासून वेगळी झाली, असे कथा सांगते. अठरा वर्षे आमच्या जगात काळी माणसे का दिसली नाहीत, याचे हे प्रकाशकाने दिलेले उत्तर : ती स्वतःच वेगळी राहत होती! गावकुसाबाहेरच्या माणसाला ‘तूच बाहेर राहणे पसंत केलेस’ असे सांगण्यासारखे हे आहे. स्वतः ग्रेल यांनी पुढे या कल्पनेलाच वंशवादी म्हटले आणि टायरॉकचा पोशाख आपण मुद्दाम हास्यास्पद काढला असे सांगितले. पण त्या निषेधाची किंमत चुकवली टायरॉकने. तो पोशाख त्याला घालावा लागला.

तरीही त्या कथेत एक क्षण खरा आहे. टायरॉक लीजनचा द्वेष करतो. तुम्ही साऱ्या विश्वाचे रक्षण करता, मग आमच्या माणसांसाठी कधी का आला नाहीत, हा त्याचा आरोप आहे. लीजनच्या इतिहासात नियमाला आणि नियम करणाऱ्यांना थेट प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस. सब्स्टिट्यूट हीरोजना जी जाणीव नव्हती ती त्याला आहे. लीजनचे सभासद त्याला उत्तर काय देतात? आम्ही रंग पाहतच नाही, आमच्यात निळे आहेत, हिरवे आहेत, असे सांगतात. निळा आणि हिरवा माणूस अमेरिकेत कधी गुलाम नव्हता, हे सांगायला तेथे कोणी नाही. अंक संपायच्या आत टायरॉकचे समाधान होते.

टायरॉकची शक्ती त्याच्या आवाजात आहे. तो ओरडतो आणि त्या ओरडण्याने वास्तव बदलते. यापेक्षा अर्थपूर्ण शक्ती कोणत्याही सुपरहीरोला मिळालेली मला माहीत नाही. आणि ज्याची शक्ती आवाजात, त्यालाच पुढच्या अंकांत बोलायला जागा मिळाली नाही. तो गर्दीत मागे कोठे तरी उभा दिसे, आणि १९८० मध्ये त्याचे बेट दुसऱ्या मितीत निघून गेले असे दाखवून त्यालाही घालवून दिले. १९८२ मध्ये पॉल लेविट्झ आणि कीथ गिफेन यांनी आयव्हरी कोस्टचा जाक फोकार्ट हा दुसरा इन्व्हिजिबल किड आणला. तो संयत, समजदार माणूस आहे. पण त्याचे नाव पाहा. जाक फोकार्ट हे फ्रान्सच्या अध्यक्षांच्या, द गॉल यांच्या, आफ्रिकाविषयक सल्लागाराचे नाव. वसाहती गेल्यावरही आफ्रिकेवर फ्रान्सची पकड राखण्याचे काम ज्याने केले, त्याचे नाव एका आफ्रिकी मुलाला मिळाले. आणि त्याची शक्ती कोणती? अदृश्य होण्याची.

४

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. ही मालिका पुन्हा पुन्हा पुसून नव्याने लिहिली गेली. अमेरिकेत याला रीबूट म्हणतात. पाटी कोरी करायची, तीच नावे, तोच पोशाख थोडा बदलून, पण आधी जे घडले ते घडलेच नाही असे धरायचे.

याची सुरुवात व्यापारी सोयीतून झाली. १९८५–८६ मध्ये डीसीने आपल्या सर्व कथांची एकच संगती लावायचे ठरवले आणि १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा नव्याने लिहिताना सुपरबॉय कधी नव्हताच असे ठरवले. ज्याच्या प्रेरणेने लीजन उभी राहिली तोच नाही, म्हणजे पायाच गेला. मग डागडुजी सुरू झाली. १९८९ मध्ये गिफेन यांनी टॉम आणि मेरी बिअरबॉम यांच्यासोबत कथा पाच वर्षे पुढे नेली. १९९४ मध्ये ‘झिरो अवर’ या मालिकेने सारे पुसले आणि पूर्ण नवी लीजन सुरू झाली. २००४ च्या अखेरीस मार्क वेड आणि बॅरी किट्सन यांनी तिसरी लीजन आणली. २००७ च्या सुमारास जेफ जॉन्स यांनी पहिल्या लीजनसारखी एक परत आणली. २०१९ मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि रायन सूक यांनी पुन्हा शून्यातून आरंभ केला.

ज्याला आडनावावरून ओळखले जाते त्याला कोऱ्या पाटीचा मोह पडणारच. मलाही पडला. आणि प्रत्येक नव्या पाटीवर काही चांगले लिहिले गेले, हे मान्य केले पाहिजे. १९९४ च्या लीजनमध्ये मार्झल बेटाची गरज उरली नाही. कृष्णवर्णीय मुले इतरांसारखीच आली. त्यातला किड क्वांटम लवकर मारला गेला, पण त्याची बहीण जॅझमिन पुढे त्याच नावाने आली आणि लीजनची नेता झाली. २००४ च्या लीजनमध्ये स्टार बॉय कृष्णवर्णीय झाला. २०१९ मध्ये तर तीन संस्थापकांपैकी लायटनिंग लॅडच कृष्णवर्णीय दाखवला गेला. १९६६ मध्ये एका मुखवट्याखालीही जो चेहरा चालला नाही, तो ५३ वर्षांनी पहिल्या पानावर आला. हे कमी नाही.

मग माझी तक्रार काय आहे? तक्रार ही की जागा दिली गेली, पण ती इतकी वर्षे का दिली नाही हा प्रश्नच पुसला गेला. नव्या लीजनच्या जगात दार कधी बंद नव्हतेच. जे दार बंद नव्हते ते कोणी बंद ठेवले, असे विचारताही येत नाही. बंद दारावर धडका देणारा टायरॉक अनावश्यक ठरतो. अन्याय पुसला की अन्याय करणारा पुसला जातो, हे खरे. पण त्याबरोबर लढणाराही पुसला जातो, याकडे लक्ष दिले जात नाही.

याचे ठळक उदाहरण १९८९ ते १९९४ या काळातल्या लीजनचे आहे. पुष्कळ वाचकांना हा काळ आवडत नाही. कथा काळोखी आहे, नऊ-नऊ चौकटींची पाने आहेत, जुने रंगीत पोशाख गेलेले आहेत. माझ्या मते लीजनचा हा सर्वांत प्रौढ काळ होय. पृथ्वीची सत्ता आतून डॉमिनेटर या परकीयांच्या हाती गेलेली असते. लीजन मोडलेली असते. अशा वेळी भूमिगत लढा कोण लढवतो? जाक फोकार्ट, टायरॉक आणि सब्स्टिट्यूट हीरोज. ज्यांना नामंजूर केले ते, ज्याला गर्दीत मागे उभे केले तो आणि ज्याला अदृश्य केले तो, हे सारे एकत्र येतात आणि लढ्याचे नेतृत्व करतात. १९८५ मध्ये ज्या सब्स्टिट्यूट हीरोजवर गिफेन यांनीच एक संपूर्ण अंक भरून विनोद केले होते, तेच येथे गनिमी काव्याने लढणारे गंभीर माणसे झाले. तीस वर्षे रांगेत उभ्या असलेल्यांचा हिशेब या कथेने चुकता केला. त्यांना कोणी आत घेतले नाही. आतले जग कोसळले तेव्हा बाहेरचेच जगाला सावरायला उभे राहिले.

१९९४ ने नेमके हे पुसले. ती लीजन विरून गेली आणि तिच्याबरोबर हा लढाही गेला. नव्या पाटीवर कृष्णवर्णीय चेहरे आले, पण लढून आलेले कोणी उरले नाही. दिलेली जागा आणि घेतलेली जागा यांत फरक असतो. दिलेली जागा पुढच्या वेळी पाटी पुसताना काढूनही घेता येते, आणि तसे झालेही. २००८–०९ च्या ‘लीजन ऑफ थ्री वर्ल्ड्स’ मालिकेत तिन्ही लीजन एकत्र आल्या तेव्हा १९९४ च्या लीजनचे विश्वच नष्ट झाल्याचे ठरले. ती मुले परत जायला घर नसलेली भटकी झाली. जॅझमिनचे नेतृत्व ज्या जगात होते ते जगच उरले नाही.

जॉन्स यांच्या २००७–०८ च्या कथेबद्दल एक गोष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण ती कथा लोकप्रिय आहे. तिच्यात पृथ्वीवर परग्रहवासीयांविरुद्ध द्वेष पसरतो. त्याचा म्होरक्या अर्थ-मॅन. हा कोण? १९७६ मध्ये लीजनने नामंजूर केलेला एक उमेदवार. तो आणि त्याच्यासारखेच नाकारलेले इतर सूड म्हणून वंशद्वेषी राजवट आणतात. गॅरी फ्रँक यांची चित्रे उत्तम आहेत, कथेचा वेगही पकडून ठेवतो. पण तिच्या मुळाशी प्रस्थापितांची जुनी भीती आहे : ज्यांना आपण बाहेर ठेवले ते आत आले तर सूड घेतील. वंशद्वेष हा आत असलेल्यांचा रोग आहे, बाहेर ठेवलेल्यांचा नव्हे, हे अमेरिकेचा इतिहास ओरडून सांगतो. १९६३ च्या हॅमिल्टन यांना निदान नाकारलेल्यांत माणूस दिसला होता. ४४ वर्षांनी जॉन्स यांना त्यांच्यात शत्रू दिसला.

५

मग प्रेम कशावर? प्रकाशक तर पुसत राहिला. २०१९ ची लीजनही १२ अंकांत संपली, २०२२ मध्ये जस्टिस लीगबरोबरची सहा अंकांची एक मालिका तेवढी आली. पात्रांवर प्रेम म्हणावे तर कोणत्या? एकाच लायटनिंग लॅडचे चार-पाच अवतार झाले.

माझे उत्तर असे की लीजन ज्यांनी टिकवली ते तिचे वाचक आहेत, आणि माझे प्रेम त्या टिकवण्यावर आहे. या मालिकेचे वाचक निव्वळ ग्राहक कधीच नव्हते. लीजनचा नेता कोण व्हावा यासाठी वाचकांची मते घेतली जात. १९८० च्या दशकात पोलर बॉय, १९६३ मध्ये नामंजूर झालेला तोच मुलगा, आधी सभासद झाला आणि मग नेता झाला. शूटर लेखक होण्याआधी वाचक होता. बिअरबॉम दाम्पत्य वाचकांतूनच आले. १९७६ पासून अमेरिकेतल्या लीजनच्या वाचकांनी ‘इंटरलॅक’ नावाचा एक उद्योग चालवला. प्रत्येकाने आपली पाने स्वतः लिहायची, स्वतः छापायची, सगळ्यांच्या प्रती एकाकडे पाठवायच्या आणि त्याने त्यांचा गठ्ठा बांधून सर्वांना टपालाने धाडायचा. ज्यांनी सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिके काढली, वाटली आणि जपली, त्यांना या उद्योगाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ज्यांना छापणारे कोणी नसते ते स्वतः छापतात, आणि ज्यांचा इतिहास दुसऱ्याच्या हाती असतो ते त्याची नक्कल आपल्याजवळ ठेवतात.

चित्रकथेचा मालक पाटी पुसू शकतो, वाचकाची स्मृती पुसू शकत नाही. फेरो लॅडच्या मुखवट्याखाली कोणता चेहरा होता हे कोणत्याही अंकात छापलेले नाही. ते वाचकांना माहीत आहे, कारण लेखकाने ते सांगितले आणि वाचकांनी लक्षात ठेवले. भूमिगत लढ्यातला टायरॉक अधिकृत इतिहासात उरला नाही. तो माझ्याजवळच्या अंकांत आहे आणि माझ्यासारख्या अनेकांच्या बोलण्यात आहे. लीजनवर प्रेम करणे म्हणजे ही साक्ष सांभाळणे, असा अर्थ मी या चार दशकांतून काढला आहे. बलाढ्याच्या पूजेत आणि या साक्षीत जे अंतर आहे, तेच आपल्या माणसांच्या प्रश्नाला माझे उत्तर.

लीजन पुन्हा लिहिली जाईल यात मला शंका नाही. जी कथा इतक्या वेळा पुसली गेली आणि इतक्या वेळा उभी राहिली, ती पुन्हा उभी राहील. तेव्हा नव्या लेखकाकडून माझी मागणी मोठी नाही. चेहरे किती रंगांचे आहेत हे मी मोजणार नाही, ते बहुधा पुरेसे असतील. प्रवेशपरीक्षेचा नियम कोणी केला, तो कोणासाठी केला आणि नाकारलेल्यांची यादी कोठे ठेवली आहे, हे त्या कथेत कोणी तरी विचारावे. विचारणाऱ्याची शक्ती आवाजात असावी, आणि अंक संपायच्या आत त्याचे समाधान होऊ नये.